त्याच होडीत

"मग ती परत त्याच होडीत कशी बसली?"

आईनं हे विचारलं तेव्हा मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो. सिनेमा संपून पाचेक मिनिटं झाली होती, म्हणजे प्रश्न तिनं मघापासून तोंडात धरून ठेवला असणार. "सिनेमा आहे गं तो," असं काहीतरी मी पुटपुटलो. तिला ते ऐकू गेलं नाही, कारण कानातलं यंत्र काढून तिनं डबीत ठेवलं होतं. गेलं नाही ते बरंच झालं, कारण ते उत्तर नव्हतंच. तिनंही पुन्हा विचारलं नाही. शाल सारखी केली आणि खिडकीबाहेर बघत बसली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. भाजी घेताना, गाडीला किक मारताना, रात्री दिवा मालवताना तो अधूनमधून समोर येऊन उभा राहतो. हा सिनेमा मी याआधी तीनदा पाहिलाय, त्याच्यावर मित्रांशी भांडलोय, आणि हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू येणं गेल्या सहा-सात वर्षांत हळूहळू गेलं. यंत्र आहे, पण ते कानात बसवताना बारीक शिट्टी घालतं, आणि बसल्यावर भांड्यांचा आवाज माणसांच्या आवाजापेक्षा मोठा करतं, असं तिचं म्हणणं. टीव्हीवरच्या मालिका तिनं सोडून दिल्या. "सगळी नुसती तोंडं हलवतात आणि डोळे वटारतात," म्हणते. एका रविवारी मला वाटलं, जिथं तोंडं हलूनही कुणालाच काही ऐकू येत नाही असं काहीतरी लावावं. तिथं ती आणि मी सारखेच. म्हणून जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'सनराइज' हा मुका सिनेमा लावला. मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, तेव्हा सिनेमा थांबवायचा आणि जुन्या वहीत स्केचपेननं मोठ्या अक्षरांत मराठी लिहून तिच्यापुढे धरायचं, असं ठरलं. या सिनेमात पाट्या कमीच आहेत. मुर्नाऊला पाट्यांचा कंटाळा होता; त्याआधी जर्मनीत त्यानं एक अख्खा सिनेमा जवळजवळ पाट्यांशिवाय करून दाखवला होता.

मी हा पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, फिल्म सोसायटीत, विशी-बाविशीत. प्रोजेक्टरची घरघर, पुढच्या रांगेतल्या कुणाच्यातरी सिगारेटी शर्टाचा वास, आणि पडद्यावर चंद्र. खेड्यातला एक तरुण शेतकरी घरातून निघतो आणि दलदलीकडे चालू लागतो. कॅमेरा त्याच्या मागोमाग जातो, वळतो, कुंपण ओलांडतो, झाडोऱ्यात शिरतो, आणि मग चक्क त्याला मागं टाकून त्याच्याआधी तिथं पोचतो. तिथं चंद्राखाली काळ्या चमकदार कपड्यांतली, आखूड केसांची शहरातली बाई त्याची वाट बघत उभी आहे. त्या एका चालीवर मी वहीची चार पानं भरली होती. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस या दोन छायाचित्रकारांची नावं तेव्हापासून तोंडपाठ आहेत. ऑस्करच्या पहिल्यावहिल्या समारंभात छायाचित्रणाचं बक्षीस त्यांनाच मिळालं. 1927 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला सिनेमा लागला आणि जेमतेम दोन आठवड्यांनी बोलपट आला. मुक्या सिनेमाला चालणं, तरंगणं, श्वास घेणं सगळं जमायला लागलं, आणि त्याच सुमारास त्याची गरज संपली, याचं मला फार दुःख व्हायचं. त्या वयात दुःख करायला असे विषय बरे असतात.

आईला ते चालणं दिसलं की नाही, कोण जाणे. तिला टेबल दिसलं. बाई खिडकीबाहेरून शिट्टी घालते, तिच्या ओठांचा चंबू दिसतो, आणि नवरा घालमेल होत होत निघून जातो. बायको आतून वाफाळतं जेवण घेऊन येते तर खुर्ची रिकामी. "गेला बघ," आई म्हणाली. इतकं सहज की मी तिच्याकडे पाहिलं.

मग ती पाटी आली. दलदलीत दोघं मिठीत आहेत. ती म्हणते, शेत विकून टाक, माझ्याबरोबर शहरात चल. तो विचारतो, आणि माझी बायको? त्यावर तिचं उत्तर पडद्यावर येतं आणि त्यातली अक्षरं चिखलात रुतावीत तशी खाली ओघळत जातात. ती बुडू शकत नाही का, असं ते इंग्रजी वाक्य आहे. मी स्केचपेन उघडून बसलो आणि अडलो. आधी 'तिला बुडवता येणार नाही का' असं लिहिलं. खोडलं. ती बाई 'बुडव' म्हणतच नाही. ती क्रियापद असं निवडते की त्यात करणारा कुणी उरतच नाही. पाणी आहे, होडी आहे, बायकोला पोहता येत नाही. यात तू कुठं आलास? तो आधी तिचा गळाच धरतो, झटापट होते, आणि त्याच झटापटीत ती त्याचं चुंबन घेते. मग चिखलावरच्या आभाळात शहर उमटतं, दिवे, वाद्यवृंद, गर्दी, आणि ती नाचायला लागते. आमिष पुरेसं दाखवून झालं की माणसाला क्रियापदाचा फरक कळेनासा होतो. शेवटी मी वहीत 'ती बुडाली तर?' असं लिहिलं. आईनं वाचलं, मान हलवली.

मराठीत आपण किती गोष्टी बुडू देतो. पैसे बुडतात, घर बुडतं, दिवस बुडतो. माझी शाळा बुडाली.

मी चौथी पास झालो त्या उन्हाळ्यात आई मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन माहेरी गेली. ते दरवर्षीचंच होतं. त्या वर्षी वेगळं इतकंच की तेरा जून आला, शाळा सुरू झाली, आणि आम्ही गेलो नाही. जूनचा शेवट आला. पाऊस आला. आजीला बरं नाही, असं सगळ्यांना सांगितलं जायचं, आणि आजी तर पहाटे उठून आमच्या सगळ्यांच्या आधी गोठ्यात असायची. मी काही विचारलं नाही, कारण मला राहायचंच होतं. त्याच सुट्टीत मामानं मला विहिरीत पोहायला शिकवलं. दोन वाळके भोपळे पाठीला दोरीनं आवळून बांधायचे आणि धावेवरून सरळ ढकलून द्यायचं, ही त्याची पद्धत. नाकातोंडात पाणी, दोरीनं काखेत वळ उमटलेले, भोपळ्यांचा तो जुनाट, कडवट वास, आणि मग अचानक कळणं की आपण खाली जात नाही आहोत. जुलैपर्यंत मी एक भोपळा सोडला होता, मग दुसराही. वरून मुटका मारायला लागलो होतो. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा महिना कोणता असं कुणी विचारलं तर मी आजही तोच सांगीन. आई तेव्हा मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडायची, आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. हे मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लागला, आणि तो लागल्यावर त्या विहिरीतलं पाणी पहिल्यासारखं राहिलं नाही.

बाबांचं नक्की काय झालं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. पैसे होते, पत्ते होते, की आणखी कुणी होतं. त्या वर्षी घरातली सायकल गेली आणि आईच्या पाटल्या गेल्या, एवढं माहीत आहे. सिनेमातसुद्धा शेजारणी कुजबुजतात, सावकारांनी शेत धुऊन नेलं, आणि गोठ्यातलं जनावर कुणीतरी ओढून नेताना दिसतं. त्या शॉटला आई काही बोलली नाही. मीच उगाच तिला बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'बद्दल सांगायला लागलो, तोही मुकाच, 1925 चा, त्यात तरुण शांताराम शेतकरी झाला होता, वगैरे. अवघड जागा आली की मी माहिती सांगायला लागतो, ही माझी जुनी खोड आहे. तिला ऐकू येत नव्हतंच.

बेत असा ठरतो की होडी उलटवायची, बायकोला पोहता येत नाही, आणि नवऱ्यानं स्वतः तरंगून परत यावं म्हणून पाणकणसांची एक मोळी आधीच बरोबर ठेवायची. दलदलीत ती बाईच ती कापून गोळा करते. तो मोळी काखेत मारून पहाटे घरी येतो, लपवतो, कपड्यानिशी आडवा पडतो, तर निजल्या जागी त्याच्या अंगावर पाणी पसरताना दिसतं. आई त्या मोळीला 'लव्हाळं' म्हणत होती. मी म्हटलं लव्हाळं नव्हे, पाणकणीस. "तेच ते," म्हणाली. मुक्या सिनेमात खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. बोलपटात खोटं म्हणजे एक वाक्य. आलं आणि गेलं. इथं खोटं कुठंतरी ठेवावं लागतं. त्याला आकार असतो, वजन असतं, ते उचलून न्यावं लागतं, झाकावं लागतं. बायकोचा सगळा विश्वास आणि नवऱ्याचं सगळं कपट त्या होडीत एक वस्तू होऊन पडलेलं आहे, वर पांघरूण घालून. आणि आपण, बघणारे, त्या पांघरुणावरून नजर काढू शकत नाही.

होडीतला प्रसंग मी वर्णन करायला नको, पण करतो. फिरायला जायचं म्हणून ती आनंदानं हुरळलेली, बाळाला दाईकडे सोपवून आलेली. कुत्रा साखळी तोडतो आणि पोहत होडीपाशी येतो. नवरा त्याला परत सोडून येतो आणि तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं ते तिला कळेनासं होतं. बायको झालेली जेनेट गेनर तेव्हा विशीची होती. केस घट्ट मागं ओढून बांधलेला फिक्या रंगाचा टोप तिला घातला होता, त्यामुळे सगळा चेहरा उघडा पडतो, लपायला एक बटही नाही. नवरा झालेल्या जॉर्ज ओब्रायनच्या बुटांत मुर्नाऊनं शिशाची वजनं घातली होती म्हणतात, त्याची चाल जड व्हावी म्हणून. तो उठतो, पाठीत वाकून, हात लोंबत ठेवून तिच्याकडे येतो, आणि ती हात जोडते. आई इथं किंचित पुढं सरकली. लांबवर देवळाच्या घंटा वाजतात, तो थांबतो, तोंड हातांनी झाकतो, आणि वेड्यासारखी वल्ही मारत किनाऱ्याकडे निघतो.

पुढं ती पळते, ट्राममध्ये चढते, तोही चढतो. जंगलातून, तळ्याकाठून ट्राम हळूहळू शहरात शिरते आणि दोघं एकमेकांकडे न बघता उभे आहेत. शहरात तो तिला एका उपाहारगृहात नेतो. केकची बशी पुढं सरकवतो. ती एक तुकडा उचलते, आणि रडू फुटतं.

एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बाबांनी आईपुढं बटाटावड्याची बशी सरकवली होती. ते आम्हाला न्यायला आले होते, भर पावसात, छत्री नसताना. आजोबांशी ते काय बोलले मला ठाऊक नाही. मी तेव्हा विहिरीवर होतो, शेवटचा मुटका मारायला गेलो होतो. स्टँडवर ओल्या कपड्यांचा आणि डिझेलचा वास होता. आईनं वड्याला हात लावला नाही. बाबांनीही नाही. बहीण आणि मी मिळून चारही वडे खाल्ले, चटणीसकट. मग गाडी लागली आणि आम्ही चढलो. खिडकीची जागा मला मिळाली.

सिनेमातली माफी मला तरुणपणी खोटी वाटायची, आणि थोडी आजही वाटते. दोघं एका चर्चमध्ये शिरतात, तिथं कुणा परक्यांचं लग्न चाललंय, धर्मगुरू नवऱ्या मुलाला विचारतोय की तू हिला सांभाळशील ना. ते ऐकून हा कोसळतो, तिच्या मांडीत तोंड खुपसून रडतो, आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. झालं. सकाळी खून करायला निघालेला माणूस दुपारी नवरदेवासारखा हातात हात घालून बाहेर येतो आणि भर रहदारीत चुंबन घेतो. मागचं शहर विरघळून शेत होतं. दिग्दर्शकानं मला फसवलंय हे कळत असतं, त्या दलदलीतल्या बाईनं त्याला फसवलं तितक्याच सफाईनं. मूळ जर्मन कथेत, हेर्मान झुडरमानच्या, नवरा परतताना बुडून मरतो. पटकथाकार कार्ल मायर आणि मुर्नाऊनं त्याला जगवलं. आणि सगळं पाप घातलं त्या शहरातल्या बाईच्या पदरात. मार्गारेट लिव्हिंग्स्टननं ती बाई इतकी जिवंत केलीय की हा अन्याय आणखीनच टोचतो. तिला नावसुद्धा नाही. खरं तर कुणालाच नाही, पुरुष, बायको, शहरातली बाई, एवढंच. पण बाकी दोघांना निदान एकमेकांचं काहीतरी म्हणून नाव आहे.

आई मात्र इथून पुढं खुशीत आली. न्हाव्याच्या दुकानात नवऱ्याची दाढी चाललीय आणि एक पोरगी त्याची नखं नीट करायला लगट करतेय, इकडे एक छचोर बाप्या बायकोशेजारी सरकून बसतोय, हे बघून ती पदर तोंडाला लावून हसली. फोटोग्राफरकडे पुतळा पडतो आणि यांना वाटतं आपणच त्याचं डोकं तोडलं, तिथं तर डोळ्यांतून पाणी. दारू प्यायलेलं डुकराचं पिल्लू दोनदा मागं नेऊन बघितलं. मी बेचैन होतो. मला ती दलदल, तो चंद्र परत हवा होता. सुखाचे प्रसंग मला लांबण लावल्यासारखे वाटतात, नेहमीच. आईला त्यांची घाई नव्हती.

रात्री चांदण्यात दोघं परत निघतात. ती त्याच्या अंगावर रेलून झोपलेली. मग वादळ. त्याला मोळी आठवते. जी स्वतःसाठी आणली होती ती तो तिच्या पाठीशी बांधतो. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी राहतात हे आपण पाळण्यापासून ऐकत आलोय, तरी ते बांधणं बघताना माझ्या काखेत दोरीचा वळ जाणवला. होडी फुटते. तो काठाला लागतो, ती नाही. गावकरी कंदील घेऊन होड्या काढतात, काळ्या पाण्यावर सुटी झालेली कणसं तरंगत येतात. तो हाका मारतो. या सिनेमाबरोबर त्याच वेळी फिल्मवर मुद्रित केलेला संगीताचा पट्टा आहे, आणि त्यात त्याची हाक माणसाच्या गळ्यातून येत नाही, ती फ्रेंच हॉर्नवर येते. लांब, फाटलेला, परत परत एकच सूर. हे वहीत कसं लिहायचं? मी आईचा हात धरून लॅपटॉपच्या बाजूला, जिथून आवाज येतो तिथं टेकवला. ती तशीच बसली, हात ठेवून, सापडेपर्यंत. बायको सापडते. एक म्हातारा नावाडी जरा पुढच्या वळणापर्यंत जातो आणि त्याला ती मोळीच्या आधारानं तरंगताना दिसते. पहाट होते, शहरातली बाई गाडीत बसून गाव सोडते.

1937 मध्ये न्यूजर्सीत फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली, त्यात या सिनेमाची मूळ निगेटिव्ह जळाली. आपण बघतो ते प्रतीवरून केलेल्या प्रतींतून वाचलेलं. हे मी आईला सांगितलं नाही. माहिती सांगायची नाही, असं त्या दिवशी ठरवलं होतं, निदान दुसऱ्या अर्ध्यात.

परवा रविवारी तिनंच विचारलं, ते न्हाव्याचं लावतोस का. लावलं. ती हसली, त्याच जागी. डुकराचं पिल्लूही झालं. होडी आली तसा मी थांबवायला गेलो, तर म्हणाली, असू दे. चांदण्यातली होडी, तिची मान त्याच्या खांद्यावर. मी थांबवलं, वही ओढली आणि लिहिलं, 'तू विचारलं होतंस, परत कशी बसली.' चष्मा वर करून तिनं वाचलं. बराच वेळ वाचलं, एवढंसं वाक्य.

"ते लव्हाळं दिवसभर होडीतच होतं ना?" ती म्हणाली. "त्यानं टाकून नाही दिलं."

मी मान हलवली. हे माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. शहरात केक, फोटो, नाच चाललेला असताना धक्क्याला बांधलेल्या होडीत पांघरुणाखाली ती मोळी तशीच पडून होती.

"बसताना तिला दिसलं असणार," आई म्हणाली. "पायातच तर होतं."

मग तिनं डबीतून यंत्र काढलं आणि कानात बसवायला घेतलं. बसताना ते नेहमीसारखं बारीक शिट्टी घालून गेलं. ती शिट्टी तिला ऐकू येत नाही. मला येते.